लेक हाऊस किंवा डोंगरातलं केबिन घेताना बायर्स एजंटकडून काम कसं करून घ्यायचं

अमेरिकेत थोडी वर्षं झाली, पहिलं घर झालं, मुलं जरा मोठी झाली की आपल्या लोकांत एक विषय निघतोच, चला आता कुठेतरी लेकवर नाहीतर डोंगरात छोटंसं घर घेऊया. न्यू जर्सीवाल्यांना पोकोनोज, डीसी-व्हर्जिनियावाल्यांना लेक ॲना नाहीतर डीप क्रीक, अटलांटावाल्यांना लेनियर, शार्लटवाल्यांना नॉर्मन, बे एरियावाल्यांना टाहो. मग रात्री जागून लिस्टिंगचे फोटो बघणं सुरू होतं आणि डॉकवर, म्हणजे पाण्यात बांधलेल्या धक्क्यावर, संध्याकाळी चहा घेतोय असं डोळ्यासमोर यायला लागतं.

शहरातल्या घरात पाणी आणि ड्रेनेज टाउनचं, रस्ता टाउनचा, इन्शुरन्स फोनवर दहा मिनिटांत, त्यामुळे एजंट जरा ढिला निघाला तरी निभावून जातं. लेकवर नाही निभावत. तिथे विहीर तुमची, सेप्टिक (म्हणजे सांडपाण्याची टाकी) तुमची, रस्ता कधीकधी पाच-सहा शेजाऱ्यांचा मिळून, आणि ज्या डॉकच्या फोटोवर तुम्ही भाळलात तो कागदावर तुमचा होईलच असं नाही. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी एजंट घर शोधायला लागतच नाही, घरं तर तुम्ही आधीच सेव्ह करून ठेवलेली असतात, एजंट लागतो तो हे सगळे कागद मुदतीच्या आत तुमच्या हातात आणून द्यायला. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

१. आधी कोण कोणाचा ते समजून घ्या

तुमच्या, म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने काम करतो तो बायर्स एजंट, आणि लिस्टिंगवर ज्याचं नाव आहे तो सेलरचा एजंट. तो कितीही गोड बोलला, तरी त्याची बांधिलकी सेलरशी आहे, आणि तुम्ही त्याला सहज बोलता बोलता सांगितलंत की 'आम्ही सहा लाखापर्यंत जाऊ' तर ते सेलरला सांगणं हे त्याचं कामच आहे. साईटवर 'टूर घ्या'चं बटण दाबलं की बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाचा फोन येतो, ज्याने त्या भागातल्या लीडसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या नंबरसाठी, पैसे भरलेले असतात. तो वाईटच असेल असं नाही, पण तुम्ही त्याला निवडलेलं नाही एवढं लक्षात ठेवा.

एकच माणूस दोन्ही बाजूंनी काम करतो त्याला ड्युअल एजन्सी म्हणतात. कोलोरॅडो, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत ती चालत नाही, तिथे 'ट्रान्झॅक्शन ब्रोकर' नावाचा मधला प्रकार आहे, म्हणजे तो व्यवहार पार पाडतो पण बाजू कुणाचीच घेत नाही. बाकी बऱ्याच राज्यांत दोन्ही पार्टींनी लेखी संमती दिली की चालते.

शहरात हा प्रश्न क्वचित येतो, लेकवर हमखास येतो. कारण छोट्या लेकवर दोन-तीन ब्रोकरेजेसच (एजंट ज्यांच्याकडे काम करतात त्या कंपन्या) मिळून बहुतेक लिस्टिंग धरून बसलेली असतात, त्यामुळे तुम्हाला आवडलेलं घर तुमच्याच एजंटच्या ऑफिसचं किंवा चक्क त्याचं स्वतःचं लिस्टिंग निघण्याची शक्यता बरीच. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून टाका की असं झालं तर तू काय करणार. 'तेव्हा बघू' हे उत्तर मला चालत नाही. 'त्या एका घरापुरता मी तुम्हाला दुसऱ्या ब्रोकरेजच्या माणसाकडे देईन' असं जो म्हणतो तो बरा.

२. मंडळातला एजंट की तिथला एजंट

हा आपल्याकडे नाजूक विषय आहे. ज्या दादाने पहिलं घर घेऊन दिलं, जो गणपतीच्या आरतीला शेजारी उभा असतो, त्याला सोडून दुसरीकडे कसं जायचं? पण लायसन्स राज्यापुरतं असतं. न्यू जर्सीचं लायसन्स पेनसिल्व्हेनियात चालत नाही, वेगळं काढावं लागतं. आणि समजा त्याच्याकडे दोन्ही आहेत, तरी त्याने त्या लेकवर आजवर किती घरं केलीत ते बघा. एकही नसेल तर तो तुमच्याबरोबरच शिकणार, आणि ती फी तुम्ही भरणार.

यावर तोडगा आहे आणि त्यात कुणी दुखावत नाही. त्याला सांगा, दादा, तिथला चांगला माणूस बघून दे आणि रेफरल घे. एका ब्रोकरेजने दुसऱ्याला रेफरल फी देणं कायदेशीर आहे, साधारण २५ टक्क्यांचा रिवाज आहे, आणि ते तिथल्या एजंटच्या कमिशनमधून जातात, तुमच्यावर वेगळा बोजा नाही. फक्त हे घर बघायला सुरुवात करायच्या आधी करा, मधेच केलं की दोघांचीही तोंडं वाकडी होतात.

३. फोनवर मुलाखत घ्या, लाजू नका

तीन जणांशी तरी बोला. 'किती वर्षांचा अनुभव' या प्रश्नाला काही अर्थ नाही, सगळे वीस वर्षंच सांगतात. असे प्रश्न विचारा ज्यांचं उत्तर माहीत असल्याशिवाय देताच येत नाही.

एक, गेल्या वर्षभरात याच लेकवर किंवा याच डोंगरावर खरेदीदाराच्या बाजूने किती व्यवहार केलेस, पत्ते दे. पूर्ण झालेले व्यवहार एमएलएसमध्ये (एजंटांच्या सामायिक लिस्टिंग यादीत) दिसतात, त्यामुळे पत्ते द्यायला अडचण नसावी.

दोन, या लेकची किनारपट्टी कुणाच्या मालकीची आणि डॉकचं परमिट कोण देतं? याला तो अडखळला तर फोन ठेवून द्या. उत्तर जागेजागी वेगळं असतं म्हणूनच हा प्रश्न चांगला आहे. लेनियरचा किनारा फेडरल सरकारचा, आर्मी कोर ऑफ इंजिनीअर्सच्या ताब्यात, तुमची हद्द पाण्याच्या अलीकडेच संपते. नॉर्मनवर परवानगी ड्यूक एनर्जीची. मेरीलँडच्या डीप क्रीकमध्ये २००० साली राज्यानेच वीज कंपनीकडून लेक विकत घेतला, त्यामुळे पाणी आणि काठावरचा पट्टा राज्याचा. लेक ॲना तर नॉर्थ ॲना अणुवीज केंद्र थंड ठेवायला बांधलेला, त्याची एक बाजू पब्लिक आणि दुसरी प्रायव्हेट, जिला लोक 'हॉट साइड' म्हणतात, आणि त्या दोन बाजूंची घरं म्हणजे दोन वेगळे बाजार आहेत. कॅलिफोर्नियातला लेक ॲरोहेड खाजगी, पाण्याचा हक्क ॲरोहेड वूड्सच्या हद्दीतल्या प्रॉपर्टीलाच. टाहोला १९६९च्या दोन राज्यांच्या करारातून आलेली टीआरपीए ही संस्था, तिथे प्लॉटवर किती जागा पक्क्या बांधकामाने झाकता येते याचाही हिशोब असतो, म्हणजे ड्राइव्हवे रुंद करायचा म्हटलं तरी आधी विचारायला लागतं.

तीन, सेप्टिक, विहीर, डॉक आणि चिमणीसाठी तू कुणाला बोलावतोस? चार वेगळी नावं आली पाहिजेत. 'आमचा होम इन्स्पेक्टर सगळं बघतो' म्हणणारा शहरी सवयीचा.

चार, गेल्या वर्षात कुठल्या क्लायंटला घर घेऊ नका म्हणालास आणि का? हा माझा आवडता प्रश्न. खरा माणूस लगेच एखादा किस्सा सांगतो.

नावापुढे आरएसपीएस किंवा एबीआर असं काही लिहिलेलं दिसेल. आरएसपीएस हे रिसॉर्ट आणि सेकंड होमचं सर्टिफिकेशन, एबीआर हे खरेदीदाराच्या बाजूने काम करण्याचं. असलं तर चांगलं, पण कोर्स करून मिळतं ते, लेक माहीत असल्याचा तो पुरावा नाही.

आणि हो, 'तिथे आपले लोक आहेत का, एरिया कसा आहे' हे एजंटला विचारू नका. फेअर हाउसिंग कायदा १९६८चा आहे, वंश, धर्म, मूळ देश यावरून वस्तीची माहिती देऊन खरेदीदाराला इकडे-तिकडे वळवणं त्यात बसत नाही, त्यामुळे चांगला एजंट ते टाळणारच. ते आपण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारावं.

४. करार वाचल्याशिवाय सही नको

१७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरीतल्या ज्युरीने कमिशनच्या खटल्यात रिअल्टर असोसिएशन आणि काही ब्रोकरेजेसविरुद्ध जवळपास १.८ अब्ज डॉलरचा निकाल दिला, मग असोसिएशनने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि त्यातून दोन गोष्टी आल्या. एमएलएसवर आता बायर्स एजंटचं कमिशन दाखवता येत नाही. आणि एमएलएस वापरणाऱ्या एजंटने तुम्हाला घर दाखवायच्या आधी लेखी करार झालेला असायला लागतो. ओपन हाऊसला तुम्ही आपले आपण गेलात तर करार लागत नाही.

घाबरायचं काही नाही, पण तीन तासांची ड्राइव्ह करून तुम्ही पोचता, एजंट आयपॅड पुढे करतो, मुलं मागे 'बाथरूम' म्हणून ओरडतायत, आणि तुम्ही बोटाने सही करून मोकळे होता. असं करू नका. दोन दिवस आधी ईमेलवर मागवा आणि एवढं बघा:

मुदत. सहा महिन्यांचा एक्सक्लुझिव्ह करार पहिल्याच दिवशी कशाला? आधी त्या वीकेंडपुरता किंवा त्या दोन-तीन पत्त्यांपुरता करा, बरेच एजंट तयार होतात. माणूस पटला की वाढवा.

भाग. 'संपूर्ण राज्य' लिहिलं असेल तर खोडून त्या लेकचं किंवा काउंटीचं नाव घाला. नाहीतर उद्या तुम्ही दुसऱ्या टोकाला दुसऱ्या एजंटकडून घर घेतलंत तर हाही हात पुढे करेल.

कमिशन. रक्कम स्पष्ट लिहिलेली पाहिजे, ठरावीक डॉलर किंवा ठरावीक टक्के, 'सेलर देईल ते' हे चालत नाही. आणि करारात लिहिलंय त्यापेक्षा जास्त त्याला कुठूनच घेता येत नाही. टक्केवारी कायद्याने ठरलेली नाही, बोलणी करता येतात. सेलर अजूनही तुमच्या एजंटचे पैसे द्यायला तयार होऊ शकतो, ते ऑफरमध्ये मागायचं असतं. समजा करार अडीच टक्क्यांचा, घर सहा लाखाचं, म्हणजे १५,००० डॉलर. सेलर दोन टक्के द्यायला तयार झाला तर १२,००० तिकडून आले, उरलेले ३,००० तुमच्या खिशातून, आणि ते क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होतं त्या दिवशी, रोख लागतात. हा आकडा आधीच बजेटमध्ये धरा.

शेपूट. करार संपल्यावरही अमुक दिवसांत त्याने दाखवलेलं घर घेतलंत तर कमिशन द्यायचं, असं एक कलम शेवटी असतं. ते असणं रास्त आहे, पण दिवस कमी आणि फक्त त्याने प्रत्यक्ष दाखवलेल्या घरांपुरतं असावं.

याच करारात, किंवा सोबत एका साध्या ईमेलमध्ये, त्याच्याकडून काय काम अपेक्षित आहे ते लिहून घ्या. परमिटच्या कॉपी मागवणं, इन्स्पेक्शनच्या वेळी स्वतः हजर राहणं, आपण येऊ शकत नाही तेव्हा व्हिडिओ काढून पाठवणं. तोंडी ठरलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

५. घर बघायच्या आधी बँक आणि इन्शुरन्स

लोन सेकंड होमचं घ्यायचं की इन्व्हेस्टमेंटचं, हे आधी ठरवा आणि एजंटला तेच सांगा जे बँकेला सांगणार आहात. बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मेच्या नियमात सेकंड होमला कमीत कमी १० टक्के डाउन, घर बारा महिने राहण्याजोगं हवं, आणि ताबा तुमच्याकडेच हवा, म्हणजे घर कधी वापरायचं हे मॅनेजमेंट कंपनीने ठरवायचं असं चालत नाही. अधूनमधून भाड्याने दिलं तर हरकत नसते, पण मुख्य उद्देशच एअरबीएनबी असेल तर ते इन्व्हेस्टमेंट लोन, डाउन जास्त, रेट जास्त. खोटं लिहून सेकंड होम दाखवणं म्हणजे मॉर्गेज फ्रॉड, एजंट कितीही 'सगळे करतात' म्हणाला तरी सही तुमची असते. एफएचए आणि व्हीए (माजी सैनिकांचं) ही सरकारी हमीची लोन सुट्टीच्या घराला मिळत नाहीत. हीटिंग नसलेलं किंवा हिवाळ्यात रस्ता बंद होणारं केबिन बँक 'बारा महिने' मध्ये धरत नाही, आणि ते क्लोजिंगच्या आठवड्यात कळलं की सगळंच बोंबलतं.

टॅक्सचं थोडक्यात: पहिलं आणि दुसरं घर मिळून ७,५०,००० डॉलरपर्यंतच्या कर्जाचं व्याज डिडक्ट होतं. वर्षात १४ दिवस किंवा त्याहून कमी भाड्याने दिलं तर ते भाडं फेडरल टॅक्समध्ये दाखवायला लागत नाही. त्यापुढचं सीएला विचारा, एजंटला नको.

इन्शुरन्सचं मात्र आत्ता करा, ऑफर गेल्यावर नको. पत्ता आवडला की त्याच दिवशी एजंटला विचारायचं, फायर स्टेशन किती मैलांवर आणि हायड्रंट किती फुटांवर. स्टेशनपासून रस्त्याने पाच मैलांपलीकडे असलं की कंपन्यांच्या रेटिंगमध्ये घर सर्वात वाईट वर्गात जाऊ शकतं. कॅलिफोर्नियात डोंगरात बऱ्याच जणांना नेहमीची कंपनी पॉलिसीच देत नाही आणि शेवटचा पर्याय म्हणून फेअर प्लॅन या विमा योजनेकडे जावं लागतं, शिवाय तो आगीपुरताच असल्याने बाकीच्यासाठी दुसरी पॉलिसी. महिन्याचा हप्ता त्याने पार बदलतो. लेककाठी असाल तर फेमा या सरकारी आपत्ती संस्थेचा फ्लड मॅप बघा, झोन ए किंवा एई (पुराचा जास्त धोका) आला आणि बँकेचं कर्ज असलं की फ्लड इन्शुरन्स सक्तीचा. सरकारी एनएफआयपीत इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर कव्हर मिळतं, आणि राहतं घर नसेल तर २५० डॉलरचा वार्षिक सरचार्ज आहे. सेलरच्या एजंटकडून सध्याचा हप्ता आणि जुने क्लेम काढून घे, हे आपल्या एजंटला सांगायचं.

६. घर बघायला जाल तेव्हा

लेक एकदा हिवाळ्यात बघा. बऱ्याच लेकमध्ये हिवाळ्यात पाणी मुद्दाम खाली आणतात, तेव्हा डॉकखाली पाणी आहे की चिखल ते उघड दिसतं. २००७च्या दुष्काळात लेनियर नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे २० फूट खाली गेला होता, उथळ खाडीतले कित्येक डॉक कोरड्या लाल मातीवर बसले होते. म्हणून एजंटने डॉकच्या टोकाशी खोली मोजून, त्या दिवशीची लेकची पातळीही लिहून पाठवली पाहिजे. 'डीप वॉटर' हा लिस्टिंगमधला शब्द मोजमाप नाही. हिवाळ्यात पानं गळलेली असतात त्यामुळे शेजाऱ्याची खिडकी किती जवळ आहे तेही कळतं.

डोंगरातलं घर जुलैत बघून भुललात तर फेब्रुवारीतला ड्राइव्हवे कसा असतो ते विचारा. रस्ता काउंटीचा की खाजगी, बर्फ कोण काढतं, त्याचे पैसे कोण किती देतं, आणि हे कुठे लिहिलेलं आहे. शेजारी चांगले आहेत, मिळून करतो, हे उत्तर बँकेला पुरत नाही, रोड मेंटेनन्स ॲग्रीमेंट रेकॉर्ड केलेलं आहे का ते बघायला लावा. फोनला रेंज आहे का, इंटरनेट कुठलं, हे तिथे उभं राहून स्वतः तपासा. शुक्रवारी वर्क फ्रॉम होम करायचा बेत असतो आणि नंतर कळतं की कॉलसाठी टेकडीवर जावं लागतं.

७. ऑफर आणि मुदती

एजंटची किंमत इथे कळते. लेकवर स्क्वेअर फुटाने भाव काढता येत नाही. तेच घर मेन चॅनेलवर एक किंमत, खाडीत दुसरी, रस्त्यापलीकडे तिसरी. कॉम्प्स (आसपास विकलेल्या तशाच घरांचे भाव) काढताना फ्रंटेज (काठाची लांबी), पाण्याची खोली, डॉक परमिट आणि काठापर्यंतचा उतार यावरून काढलेत का ते विचारा. आणि अप्रेझर (बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा) लांबच्या गावाहून आला तर त्याला हेच कॉम्प्स एजंटने हातात द्यावेत, नाहीतर तो लेकपासून दूरची घरं धरून आकडा टाकतो आणि फरक तुम्हाला रोख भरावा लागतो.

मुदतींचे नियम राज्याराज्यात वेगळे. नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्सची, म्हणजे घर आणि कागद तपासायच्या मुदतीची, फी थेट सेलरला जाते आणि तुम्ही माघार घेतलीत तर ती परत मिळत नाही, म्हणून तिथे आधी कागद, मग मोठी फी. जॉर्जियात ड्यू डिलिजन्सचे दिवस वाटाघाटीने ठरतात, त्या काळात बाहेर पडता येतं. कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या फॉर्ममध्ये कंटिन्जन्सीला (तपासणी किंवा लोन जमलं नाही तर बाहेर पडायची सवलत) १७ दिवस धरलेले असतात. सेप्टिकवाला लेकवर सीझनमध्ये पुढच्या आठवड्यात मिळेलच असं नाही, त्यामुळे शहरातल्या सवयीने सात-दहा दिवस लिहू नका. एजंटला सांगायचं, आधी सेप्टिक आणि विहिरीवाल्याची तारीख मिळव, मग ऑफरमध्ये दिवस लिही.

फर्निचर, कयाक, पोंटून बोट देतो म्हणाला तर ते घराच्या किमतीत घुसवू नका, बँक त्यावर कर्ज देत नाही. वेगळं बिल ऑफ सेल करा. बोट असेल तर टायटलही बघा.

८. कागद

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं पोकोनोजमधलं घर सांगतो. लिस्टिंगमध्ये पाच बेडरूम, भाड्याने देऊन हप्ता निघेल असा त्यांचा हिशोब पाच बेडरूमवरच बसवलेला. त्यांच्या एजंट बाईने इन्स्पेक्शनच्याही आधी टाउनशिपच्या सूएज एन्फोर्समेंट ऑफिसरला ईमेल करून सेप्टिकचं परमिट मागवलं. एक पान आलं, हाताने काढलेला नकाशा, टाकी इकडे, ड्रेन फील्ड तिकडे, आणि खाली लिहिलेलं, तीन बेडरूम. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मागाहून केलेल्या, त्यांचं परमिटच नाही. बऱ्याच टाउनशिपमध्ये भाड्याने किती माणसं ठेवता येतील हे सेप्टिकच्या क्षमतेवर ठरतं, म्हणजे पाच बेडरूमचं भाडं विसरा. बाईने तोच कागद लावून सेलरकडे तीन बेडरूमची किंमत मागितली, थोडी ओढाताण झाली, पण मिळाली. त्या एका ईमेलमध्ये तिचं सगळं कमिशन वसूल झालं असं मी म्हणेन.

तर सेप्टिकचं परमिट आणि शेवटचा पंपिंगचा रेकॉर्ड पहिल्या आठवड्यात मागवा. टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसायची असते. इन्स्पेक्टरने झाकण उघडून बघायला हवं, नुसता रंग टाकून फ्लश करण्यावर भागवू देऊ नका.

विहिरीचं पाणी लॅबमध्ये, कोलिफॉर्म (जंतू) आणि नायट्रेट तरी हवेतच, आणि पाणी मिनिटाला किती गॅलन येतं याची फ्लो टेस्ट. कोलोरॅडोत विहिरीचं परमिट 'हाउसहोल्ड यूज ओन्ली' असेल तर बाहेर झाडांना पाणी घालता येत नाही, मग बायकोने तुळशीबरोबर अख्खी बाग ठरवली असेल तर आधी परमिट वाचा. बेसमेंट असेल तर रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची टेस्ट, ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा वर आला तर ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था उपाय करायला सांगते, तो करता येतो, त्यासाठी घर सोडायची गरज नाही. चिमणीचं लेव्हल टू इन्स्पेक्शन, घर विकताना तेच करायचं असं एनएफपीए २११ या अग्निसुरक्षेच्या मानकात आहे. प्रोपेनची टाकी मालकीची की कंपनीची भाड्याची, तेही बघा.

डॉकचं परमिट नावासकट मागवा. लेनियरसारख्या कोरच्या लेकवर परमिट विक्रीबरोबर तुमच्या नावावर आपोआप येत नाही, जुन्याचं संपतं, नव्या मालकाने स्वतः अर्ज करायचा. म्हणून क्लोजिंगच्या आधी तुमच्या एजंटने परमिट देणाऱ्या ऑफिसशी बोलून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: आत्ताचा डॉक नियमात बसतो का, आणि नव्या मालकाला तो तसाच मिळेल का. मागच्या मालकाने परवानगी न घेता वाढवलेला प्लॅटफॉर्म काढायला लावला तर खर्च तुमच्या गळ्यात.

सर्वे करा. बँक मागत नसली तरी करा. कुंपण, पायऱ्या, शेड हद्दीबाहेर गेलेलं लेकवर सर्रास सापडतं. टायटल कमिटमेंटमधलं (मालकीचा विमा देणाऱ्या कंपनीच्या कागदातलं) शेड्यूल बी दोघांनी मिळून वाचा, तिथेच शेजाऱ्यांचा वाटेचा हक्क, वीज कंपनीचा पूर सोडायचा हक्क, मिनरल राइट्स वगैरे लपलेले असतात. एजंट वकील नाही, त्यामुळे न समजलेल्या ओळी वकिलाकडे न्या. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात क्लोजिंग वकीलच करतो, पण तो बहुतेकदा बँकेच्या वतीने असतो, तुमचा वेगळा.

भाड्याने द्यायचा विचार असेल तर काउंटी, टाउन आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) या तिन्हींचे नियम वेगवेगळे तपासा, आणि सेलरचं शॉर्ट टर्म रेंटल परमिट तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका. एचओएचे बायलॉज, बजेट आणि स्पेशल असेसमेंट आहे का तेही. कॅलिफोर्नियात आगीच्या धोकादायक झोनमध्ये घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडझाडोरा साफ असल्याचा कागद विक्रीच्या वेळी लागतो, तो कुणी आणायचा ते ऑफरमध्येच लिहा.

हे सगळं एका शीटवर ठेवा, कागद, कोण आणणार, कधीपर्यंत. दर दोन दिवसांनी एजंटला ती शीट पाठवा. थोडा वैतागेल, वैतागू दे. कंटिन्जन्सी संपायच्या दोन दिवस आधी एकही महत्त्वाचा कागद बाकी असेल तर एजंटने मुदतवाढ लेखी मागायची, आणि मिळाली नाही तर बाहेर पडायची तयारी ठेवायची. 'येईल नंतर, सही करून टाका' असं जो म्हणतो त्याला कमिशनची घाई झालीय.

९. क्लोजिंगच्या आठवड्यात

शेवटचा फेरफटका स्वतः मारा, जमणारच नसेल तर एजंटने व्हिडिओ कॉलवर सगळे नळ सोडून, हीटिंग लावून, डॉकची लिफ्ट वरखाली करून दाखवावी. हिवाळ्यात पाणी बंद करून ठेवलेलं घर असेल तर ते चालू करून बघितल्याशिवाय पैसे सोडू नका, फुटलेला पाइप वसंतातच कळतो.

पैसे वायर करायचा अकाउंट नंबर ईमेलवर आला की टायटल कंपनीच्या आधीपासून माहीत असलेल्या फोनवर कॉल करून खात्री करा. एजंटच्या नावाने आलेल्या ईमेलमध्ये 'अकाउंट बदललाय' असं असेल तर ते जवळपास नक्कीच फसवणूक. डॉक परमिटचा अर्ज, एचओएची नोंद, प्रोपेनचं खातं आणि बर्फ काढणाऱ्याचा नंबर हे चारही एजंटकडून किल्ल्यांबरोबरच घ्या, कारण कमिशन मिळाल्यावर त्याचा फोन लागायला जरा जास्त रिंग वाजतात.